पाच रुपयांची टोपली

घर बदलताना कुंडलिकरावांनी एकच निर्णय स्वतःच्या अकलेने घेतला. साखर पेठेतल्या खोलीत फळीवर सात वर्षांचे कागद साठले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून ते बायकोला म्हणाले, "हा कचरा नव्या बिऱ्हाडी नको. काय करायचं ते तू कर." मुक्ताबाईंनी तो मेथ्या घालून चार दिवस भिजवला, कुटला, पालथ्या घागरीवर थापला, वरून उरलेले कागद चिकटवले आणि शुक्रवार पेठेत आल्यावर त्यांच्याकडे ज्वारी ठेवायला एक झकास टोपली झाली.

पंधरा दिवसांनी जेवायला वाढता वाढता मुक्ताबाईंनी बोटांवर हिशेब केला. साखर पेठेतली खोली घेताना एजंट वीरभद्रप्पाने एक महिन्याचं भाडं, पाच रुपये, आगाऊ घेतलं होतं आणि ते शेवटच्या महिन्यात धरायचं ठरलं होतं. खोली सोडताना कुंडलिकरावांनी शेवटच्या महिन्याचे पाच रुपये पुन्हा मोजले होते. (वर "फार सांभाळून घेतलंत" म्हणून हात जोडले होते.)

कुंडलिकराव गिरणीत हजेरी कारकून. पगार तीस रुपये. त्यातून पाच रुपये असे सोडून द्यायचे म्हणजे महिनाभराची ज्वारीच रस्त्यावर सांडायची. पण मुक्ताबाई रागावल्या नाहीत, आणि तेच कुंडलिकरावांना फार लागलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याच्यानं न्हाय व्हायचं. बेस्तरवारी आमचा आण्णा येतोय टेंभुर्णीवरनं. त्यो आणंल."

मेहुणा आण्णा. गेल्या वर्षी शेजाऱ्याने नेलेली कुंडलिकरावांची छत्री यानेच परत आणली होती आणि अजून गावभर सांगत होता. कुंडलिकरावांनी जन्मात कुणाकडे स्वतःचा पैसा मागितला नव्हता. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी तेच ओशाळायचे. पण आपले पाच रुपये मेहुण्याने आणून आपल्याच बायकोच्या हातावर ठेवायचे, हे काही त्यांना सोसेना. बेस्तरवारच्या आत पैसे आणायचेच असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी गिरणी सुटल्यावर ते वीरभद्रप्पाकडे गेले. तो फार गोड बोलला. चहा पाजला, पोराबाळांची चौकशी केली (पोरंबाळं नव्हती) आणि शेवटी म्हणाला, आगाऊ दिलेल्याची पावती दाखवा आणि पैसे न्या. कुंडलिकराव उड्या मारत घरी आले. कागद फळीवर, फळी साखर पेठेत, आणि कागद... त्यांची नजर टोपलीवर गेली. बुडाशी चिकटवलेल्या एका तुकड्यावर शाई फुटलेल्या अक्षरांत "रुपये पाच" एवढंच वाचता येत होतं. बायकोला सांगावं, तर कचऱ्याचा हुकूम आपलाच.

मंगळवारी पोटात कळ येते म्हणून त्यांनी अर्धा दिवस रजा घेतली आणि मुक्ताबाई नळावर गेल्या असताना ज्वारी परातीत ओतून टोपली उचलून निघाले. बाजाराचा दिवस. दोघींनी वाटेत भाव विचारला. एकीने बूड दाबून पाहिलं, कच्चं आहे म्हणाली आणि तीन आणे देऊ केले. सवयीप्रमाणे कुंडलिकराव हो म्हणणार होते, पण आण्णाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी पाय उचलला.

वीरभद्रप्पा गादीवर बसला होता. समोर चंद्रव्वा नावाची म्हातारी पदराची गाठ सोडत होती. साखर पेठेतली तीच खोली ती घेत होती आणि आगाऊ पाच रुपये भरायला आली होती. कुंडलिकरावांनी टोपली गादीवर ठेवली.

"पावती," ते म्हणाले.

"ही टोपली हाय की," वीरभद्रप्पा म्हणाला.

"पावती आत मुरली आहे. परातभर पाणी द्या. चार दिवसांत सुटेल. तोवर मी इथंच बसतो."

आणि ते खरोखर बसले. चंद्रव्वाने काय झालं म्हणून विचारलं. कुंडलिकरावांनी सगळं सांगितलं, आणि घाबरल्यामुळे जरा मोठ्यानेच सांगितलं. बाजाराची माणसं पायरीवर थांबली. चंद्रव्वाने ऐकून घेतलं आणि सोडलेली गाठ पुन्हा घट्ट मारली.

"आगाऊ दिल्यालं परत न्यायला टोपली आनावी लागती, तर नगं बाबा मला खोली," ती म्हणाली.

वीरभद्रप्पाने पायरीवरच्या गर्दीकडे पाहिलं, त्या गाठीकडे पाहिलं आणि पाच बंदे रुपये कुंडलिकरावांपुढे सरकवले. टोपली मात्र सोडली नाही. पावती घेतल्याबिगर रक्कम देत नाही म्हणाला, आणि वहीत "पावती जमा" असं लिहून ती गादीमागे ठेवली.

कुंडलिकराव घरी आले ते पेठ जिंकल्यासारखे. रुपये एकेक करून मुक्ताबाईंपुढे वाजवले. "मागितले आणि घेतले," ते म्हणाले, आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, कचऱ्याचा गुन्हासुद्धा कबूल केला. मुक्ताबाईंचा चेहरा उजळला. नवऱ्याकडे त्यांनी अशा कौतुकाने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि शालूच्या घडीतून एक कागद काढला. वीरभद्रप्पाची पावती होती, कोरी करकरीत.

"पावती कोन भिजवंल? तुमी इचारलं का मला?"

"मग टोपलीवर 'रुपये पाच' काय होतं?"

"त्यो तुमचा पगारवाढीचा अरज की. म्हैन्याला पाच रुपये वाढवा म्हनून दर दिवाळीला लिवायचा, आन सायबाकडं न्यायचं धाडस न्हाय म्हनून फळीवर ठिवायचा. सात हुते. समदे टोपलीत घातले."

मुक्ताबाईंनी ते पाच रुपये गोळा करून पदराला बांधले.

"सात वर्सांनी का हुईना," त्या म्हणाल्या, "मंजूर झाला की."