भुसेमामांचं सुटं जनावर

तपासणी समिती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती आणि नेमकी आजच संग्रहालयातल्या लांडग्याच्या कानातून कसर उडाली. उडाली ती थेट बाईसाहेबांच्या चष्म्यावर बसली. बाईसाहेब म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख.

"भुसेमामा, उद्या असा एक जरी किडा समितीला दिसला ना, तर प्राण्यांचं दालन बंद! तिथे मोडक्या खुर्च्या ठेवू. आणि तुम्ही आवक-जावकला."

आवक-जावक म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची खोली. चाळीस वर्षं वाघाच्या मिशा विंचरलेल्या माणसाने तिथे बसून पाकिटांवर शिक्के मारायचे? मेलेल्या जनावरांत भुसा भरता भरता त्यांचं खरं नाव लोक विसरले होते, खरं सांगायचं तर तेही विसरले होते. पण जनावर एकदा हाताखालून गेलं की त्याचा शेपटीचा केसही ते विसरत नसत.

कसरीवर उपाय एकच, ऊन. आणि ऊन द्यायची मामांच्या घराण्याची रीत जगावेगळी होती. त्यांच्या वडिलांनी इथल्या एकूण एक जनावराच्या मानेत लाकडी आटे बसवले होते. बरणीचं झाकण फिरवावं तसं मुंडकं फिरवायचं, काढायचं आणि धडातल्या भुशाला आतून ऊन दाखवायचं. एकच प्राणी त्याला अपवाद होता. कोपऱ्यातला बदकासारख्या चोचीचा छोटा प्लॅटिपस परदेशातून आयता भरून आला होता, त्याला आटेबिटे काही नव्हते.

मदतीला होता पहारेकरी, म्हणजे मामांचा सख्खा मेहुणा. दुपारपर्यंत दोघांनी सगळी जनावरं गच्चीवर पसरली. धडं एका रांगेत, मुंडकी दुसऱ्या. प्रत्येक मुंडक्याच्या कानाला चिठ्ठी बांधून मामा जेवायला खाली गेले.

एवढ्यात आभाळ भरून आलं. मेहुण्याने घाईघाईने आवराआवर सुरू केली. धड वेगळं आणि मुंडकं वेगळं न्यायचं म्हणजे जिन्याच्या दोन खेपा, आणि मेहुण्याला एका खेपेचाही कंटाळा. त्याने ठरवलं, मुंडकी इथेच बसवायची. चिठ्ठ्या त्याने आधीच काढून फेकल्या होत्या. उद्या तपासणी, अन् कानाला कागद बरा दिसतो का? मग काय, ज्याचे आटे ज्याला बसतील ते खरं. बाकीची योगायोगाने जुळली, पण रानडुकराच्या धडावर पाणमांजराचं मुंडकं असं काही घट्ट बसलं, की जणू दोघं एकमेकांचीच वाट बघत होती. बाकीची जनावरं त्याने खाली दालनात नेली, पण रानडुक्कर जड. त्याला कठड्याला टेकवून मेहुणा चहाला गेला. पाऊस काही आला नाही.

समोरच्या इमारतीत दातांचा दवाखाना होता. तिथल्या खुर्चीत तोंड वासून बसलेल्या एका बाईची नजर खिडकीबाहेर गेली. बाई किंचाळली. डॉक्टर म्हणाला, "अजून सुरुवातही केली नाही हो!" बाईने बोट दाखवलं. डॉक्टरने वळून बघितलं आणि हातातलं यंत्र टाकून फोटो काढला.

थोड्याच वेळात रस्ता माणसांनी भरला. सगळ्यांच्या पुढे होतं अज्ञात प्राणी शोध मंडळ, एकूण सभासद चार. अकरा वर्षांत या मंडळाला गूढ पाऊल असं एकच सापडलं होतं, आणि ते त्यांच्याच चिटणिसांचं निघालं. त्यामुळे अध्यक्ष, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त सर, दुर्बिणीतून बघता बघता रडायलाच लागले.

"पाणडुक्कर! मी नेहमी सांगत होतो. घरचे हसायचे मला!"

बाईसाहेब धापा टाकत मामांच्या पुढ्यात आल्या. "मामा, गच्चीवर काहीतरी भयंकर आहे. वनखात्याला बोलावलंय. उद्या समिती आहे हो!"

मामांनी खिडकीतून मान तिरकी करून वर बघितलं आणि हातातला घास खाली ठेवला. "माझ्या बायकोचा भाऊ!" ते पुटपुटले.

"कोण? ते?"

"नाही हो. ते ज्याने केलं तो."

बाईसाहेबांना काही कळलं नाही, आणि मामांनीही समजावलं नाही. खरं सांगितलं की आवक-जावक! ते तडक गच्चीवर गेले. रांगत कठड्यापर्यंत पोचले, जनावर पाठुंगळीला घेतलं आणि उभे राहिले.

खालून एकच गलका झाला. "चालतंय! दोन पायांवर चालतंय!"

"पायांत पायजमा आहे!" कुणीतरी ओरडलं.

"माणूस गिळलाय त्याने. अर्धा बाहेर आहे अजून!" सर म्हणाले.

हे ऐकून वनखात्याच्या माणसाने बंदुकीतून भुलीची सुई सोडली. सुई डुकराच्या पुठ्ठ्यात घुसली. जनावर डगमगलंसुद्धा नाही, उलट दुप्पट वेगाने जिन्याकडे पळालं.

"भूल चढत नाही याला!" वनखात्याचा माणूस हबकून खाली बसला.

दालनात पोचताच मामांनी मुंडकी अदलाबदल केली, डुक्कर डुकराच्या जागी आणि पाणमांजर पाणमांजराच्या. मग ते मेहुण्याला शोधायला गेले.

"भावोजी, मुंडकं घट्ट बसलं होतं की नाही, तेवढं सांगा," मेहुणा चार हात लांबूनच म्हणाला आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी समिती आली ती गर्दीतून वाट काढतच. मागोमाग मंडळही घुसलं. समितीच्या अध्यक्षांनी एकेक जनावर बघत रानडुकरापाशी येऊन विचारलं, "याच्या पुठ्ठ्यात ही सुई कसली?"

सुई राहिलीच होती! आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळी हकिकत सांगितली आणि सगळ्यांसमोर मुंडकी फिरवून पाणडुक्कर पुन्हा जुळवून दाखवलं.

सरांनी पुढे होऊन मुंडकं निरखून पाहिलं. मग म्हणाले, "नक्कल बरी साधलीय. पण काल मी जे पाहिलं, त्याने डोळा मिचकावला होता. या गृहस्थांवर गप्प बसायचा दबाव आहे." गर्दीने माना डोलावल्या. मग सरांची नजर कोपऱ्यात गेली आणि ते कडाडले, "आणि हे बघा, हा माणूस काय काय जोडतो! उंदराला बदकाची चोच!"

"तो खरा आहे हो!" मामा कळवळले. "तो देवाने केलाय, मी नाही!"

"देव इतकं ढिसाळ काम करत नाही," सर म्हणाले.

समितीच्या अध्यक्षांनी एकदा पाणडुकराकडे बघितलं, एकदा प्लॅटिपसकडे, आणि एकदा दारातून आत रेटणाऱ्या लोकांकडे. मग निकाल दिला. दालन चालू राहील. लोकांचा आग्रह म्हणून पाणडुक्कर मधोमध ठेवावं. भुसेमामांना हलवू नये, कारण ते मुंडकं दुसऱ्या कुणाला जुळवता येणार नाही. आणि त्या बदकतोंड्या बनावट प्राण्याला तिथून ताबडतोब हलवावं.

दालन वाचल्यामुळे मोडक्या खुर्च्या संग्रहालयाच्या कोठीतच राहिल्या, त्यामुळे तिथे जागा नव्हती. म्हणून प्लॅटिपस आता जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, पाकिटांच्या गठ्ठ्यावर बसलेला असतो. मामा रोज जाता-येता त्याच्या पाठीवरची धूळ झटकतात आणि हळूच म्हणतात,

"बाबा रे, खरा होतास ना? मग बस आवक-जावकला."