अभिनंदनाचे फलक

बामगोलच्या ग्रामकार्यालयाबाहेर लोकसंख्येचा आकडा टांगायला पाच खिळे ठोकलेले आहेत. डावीकडचा पहिला खिळा गेली अडतीस वर्षे रिकामा आहे. त्यावर शिपाई आपली छत्री अडकवतो. उरलेल्या चार खिळ्यांवर या महिन्यात १०४६ असा आकडा होता. दर महिन्याच्या एक तारखेला तो बदलण्याचे काम प्यो सोन-हीकडे होते. गेल्या सहा वर्षांत आकडा वाढल्याचे दोनदा दिसले. त्यातल्या एका वेळी सहाची पाटी उलटी लागली होती.

लोकसंख्या ही अशी बाब आहे की ती वाढवायची असो वा घटवायची, ते काम नेहमी दुसऱ्याने करायचे असते. जगातली सगळी लोकसंख्या-धोरणे या तत्त्वावर उभी आहेत, आणि दक्षिण कोरियाच्या डोंगरातले हे गाव त्याला अपवाद नाही.

सोन-ही चौतीस वर्षांची, संख्याशास्त्राची पदवीधर आणि कार्यालयाच्या जन्मप्रोत्साहन कक्षाची एकमेव कर्मचारी. कक्ष नवा नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी याच खोलीत जन्मनियंत्रण कक्ष होता. ‘दोन पुरेत’ हा संदेश त्याने घरोघर इतक्या निष्ठेने पोचवला की त्याला तीन ढाली मिळाल्या; त्या अजून कपाटावर आहेत. पुढे धोरण बदलले, तेव्हा दारावरच्या पाटीतला एक शब्द खोडून दुसरा लिहिला गेला. (कपाट तेच राहिले. मुख्याधिकारी शिम साहेबांचे घराणेही तेच. आधी वडील होते.)

मधल्या काळात गावाची काही प्रगती झाली. प्राथमिक शाळेच्या इमारतीत वृद्धाश्रम आला. घंटा तीच, बाके तीच, आणि काही बाकांवरची माणसेही तीच. युवक संघाची वयोमर्यादा पस्तीसवरून पंचेचाळीस आणि तिथून साठ झाली. सध्याचे अध्यक्ष कू एकसष्ट वर्षांचे असून त्यांना एका वर्षाची सवलत दिलेली आहे. लसूण काढायला दरवर्षी व्हिएतनामी आणि नेपाळी मिळून चौसष्ट तरुण-तरुणी येतात, पाच महिने राहतात, नदीकाठी व्हॉलीबॉल खेळतात. परंतु त्यांची नोंद कृषी विभागात, फवारणी यंत्रांच्या खालच्या ओळीत होत असल्याने कक्षाचा त्यांच्याशी संबंध येत नाही.

उपाय शोधण्यात कार्यालयाने कसूर केली नाही. मागच्या शरदात शिम साहेब जपानमधल्या एका ओस पडत चाललेल्या गावी अभ्यासदौऱ्यावर गेले. तिथले अधिकारी भेटले नाहीत; ते इटलीतल्या एका ओस पडलेल्या गावी अभ्यासाला गेले होते. मग आफ्रिकेतल्या एका दाट वस्तीच्या जिल्ह्याचे पाहुणे बामगोलला आले. त्यांना ढाली फार आवडल्या. जन्मनियंत्रणाची जुनी भित्तिपत्रके त्यांनी मागून नेली, आणि आपल्याकडची गुटगुटीत बाळांची भित्तिपत्रके भेट देऊन गेले. दोन्ही बाजूंनी हा दौरा यशस्वी ठरला.

आता अडचणीकडे येऊ. कक्ष चालायचा तर नियमाप्रमाणे गावात ‘लक्ष्यगट’ हवा, म्हणजे वीस ते एकोणचाळीस वयाच्या कायम रहिवासी स्त्रिया. बामगोलच्या लक्ष्यगटाची संख्या एक होती. त्या गटाचे नाव प्यो सोन-ही. लक्ष्यगट शून्य झाला की कक्ष बंद, आणि कक्ष बंद झाला की कार्यालय शेजारच्या गावात विलीन. शेजारच्या गावाच्या मुख्याधिकाऱ्याशी शिम साहेबांचे शाळेपासून पटत नसे.

आणि लक्ष्यगटाला सुवॉन शहरातल्या संख्याशास्त्र केंद्रातून बोलावणे आले होते. मोठा हुद्दा, तळ्याकडे उघडणारी खिडकी, पंचवीस सहकारी आणि त्यातले कितीतरी चाळिशीच्या आतले. तिने उत्तराची मुदत दोनदा वाढवून घेतली होती. तिसरी मुदत गुरुवारी सायंकाळी पाचला संपत होती. कार्यालयाने गुरुवारी दुपारी चारला विशेष सभा बोलावली.

सभेला अकरा सदस्य हजर होते. भिंतीवर एक छापील फलक लावलेला होता : ‘बामगोलमध्ये अकरा वर्षांनंतर पहिला टाहो! हार्दिक अभिनंदन!’ आईबापांच्या नावांची जागा कोरी होती. (छापखाना दूर असल्याने काही कामे आधीच उरकावी लागतात.)

“लक्ष्यगटात सध्या एक आहे,” शिम साहेबांनी प्रस्तावना केली. “हा गट टिकवणे, आणि शक्य झाल्यास वापरात आणणे, हा आजचा विषय.”

“लक्ष्यगटाला विचारलंय का कुणी?” कू यांनी विचारले.

“लक्ष्यगट कॉफी करतोय. आला की विचारू.”

सोन-ही अकरा कप घेऊन आत आली.

“सोन-ही ताई, माझ्या कॉफीत गोडवा जरा कमीच ठेव हं.”

“कमीच आहे, दादा. तुम्ही ढवळू नका, म्हणजे झालं,” ती म्हणाली. युवक संघाच्या अध्यक्षांना काका म्हटलेले चालत नसे.

वृद्ध मंडळाच्या तोल-रे आजींनी हात वर केला. “मी सुकं समुद्रशेवाळ आणून ठेवलंय. सूपसाठी. अख्खं, कुठं मोडलेलं नाही. बाळंतिणीसाठी मोडलेलं घेत नाहीत.”

“कोणत्या बाळंतिणीसाठी, आजी?”

“ते कार्यालय ठरवेल,” आजी म्हणाल्या.

सभेला कक्षाचा अहवाल हवा होता, म्हणून सोन-हीने उभे राहून तो वाचला. तिचा आवाज बारीक होता, पण आकडे स्पष्ट होते. लोकसंख्याघटीची कारणे शोधण्यासाठी तिने गावच्या वेशीवर चाळीस वर्षांत लागलेले फलक मोजले होते. छापखान्याच्या नोंदीनुसार ते दोनशे बारा.

“उदाहरणं देते. ‘शिम यांच्या थोरल्या कन्येला सोलच्या विद्यापीठात प्रवेश, अभिनंदन.’ ‘कू यांचे चिरंजीव जहाजबांधणी कंपनीत, अभिनंदन.’ ‘तोल-रे यांचे धाकटे चिरंजीव कॅनडाला रवाना, अभिनंदन.’ दोनशे बारापैकी दोनशे नऊ फलक गाव सोडणाऱ्यांचे आहेत.”

“आणि उरलेले तीन?”

“एक बसथांब्याचा. एक तांदळाच्या बक्षिसाचा. आणि एक प्रदर्शनात पहिली आलेल्या गायीचा. ती परत आली. परत आल्याबद्दल अभिनंदन झालेली ती एकटीच.”

“मग निष्कर्ष काय?” शिम साहेबांनी पेन उघडले.

“घटीचं मुख्य कारण अभिनंदन.”

शिम साहेबांनी पेन मिटले. इतिवृत्तात कारण लिहायला छापील रकाने होते : हवामान, रस्ते, इतर.

“पुढचा तक्ता,” सोन-ही म्हणाली. “इथे हजर अकरा सदस्यांना मिळून एकतीस मुलं आहेत. सोलमध्ये सतरा, इतर शहरांत दहा, परदेशात तीन. बामगोलमध्ये एक.”

“कुणाचं गं ते राहिलं बिचारं?” तोल-रे आजींनी विचारले.

“माझं,” महिला मंडळाच्या अध्यक्षा जॉम-रे खाली मान घालून म्हणाल्या. त्या सोन-हीच्या आई होत्या.

प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या मुलांचे पत्ते आठवत होता. (वाचकांनीही एवढ्या वेळात ते काम उरकून घ्यायला हरकत नाही.)

शिम साहेब उभे राहिले. “मुख्याधिकारी म्हणून सांगतो. गावाला तुझी गरज आहे. थांब.” त्यांनी वही मिटली आणि शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितले. “आता वही मिटलीय. पोरी, तू माझी असतीस तर दहा वर्षांपूर्वीच तुला बसमध्ये बसवून दिलं असतं. इथं काय ठेवलंय?”

“माझ्या सुनेला सांगितलंय मी,” तोल-रे आजी म्हणाल्या, “नातवंडांना इथं आणायचं ते सुट्टीपुरतं. जास्त राहिली तर सवय लागते.”

“जा, ताई,” कू म्हणाले. “युवक म्हणून सांगतो. आमचं काय, आमचं वय गेलं.”

“मी किमचीचे दोन डबे भरून ठेवलेत,” आई म्हणाली. “बॅगेत सरळ ठेव, नाहीतर सगळ्या बसमध्ये वास सुटेल. लोक सारखं विचारतात गं मला, तुमची अजून इथंच का म्हणून. मी सांगते, कागद अडकलेत.”

गावात राहिलेल्या तरुणांसाठी कक्षाचा एक अर्ज होता. त्यात ‘राहण्याचे कारण’ या मथळ्याखाली चार पर्याय दिले होते : आजारपण, आईवडिलांचे आजारपण, परीक्षेत अपयश, कोर्टकचेरी. सोन-हीने तो स्वतःच दरवर्षी छापून घेतला होता, आणि दरवर्षी स्वतःचा कोरा ठेवला होता. नदी घरापासून चार मिनिटांवर होती. आकडे शांतपणे मोजता येत. संध्याकाळी लसणाच्या शेतावरच्या मुली तिला व्हॉलीबॉल खेळायला हाक मारत, आणि तिची सर्व्हिस आता जाळ्याच्या पलीकडे जाऊ लागली होती.

पाच वाजायला सात मिनिटे होती. अकरा चेहरे तिच्याकडे, स्टेशनवर निरोप द्यायला आल्यासारखे, मायेने पाहत होते.

“मी जात नाहीये,” सोन-ही म्हणाली. “मी इथेच राहणार आहे. आजारी नाही, नापास नाही. मला इथे बरं वाटतं. लग्नाचं आणि मुलाबाळांचं काही ठरलेलं नाही, आणि ठरलं तरी ते कक्षाला कळवणार नाही.”

अकरा जणांच्या तोंडून एकाच वेळी ‘अरेरे’ निघाले. (बारावे वाचकाचे, ते इतिवृत्तात नोंदलेले नाही.)