प्रत माहितीसाठी

ईमेल कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. घर साफ करण्याचे व्हिडिओ करते मी. पोछे बनवणाऱ्या पाच कंपन्यांना एकत्र काम करण्याचा प्रस्ताव धाडायचा होता. महिनाअखेरपर्यंत एकही कंपनी मिळाली नाही तर चॅनेल बंद आणि जुन्या नोकरीवर परत, असं मीच घरात जाहीर करून बसले होते.

मजकूर असा उतरला की माझे मलाच डोळे पुसावे लागले. 'आजवर मी फक्त तुमचाच पोछा हातात धरला आहे.' हेच वाक्य पाचही जणांना.

मला जिना पुसण्याचं शूटिंग होतं, म्हणून लॅपटॉप सासऱ्यांकडे दिला. "बाबा, हे पाच पत्त्यांवर पाठवाल?"

बाबांनी छत्तीस वर्षं कचेरीत टपालाचं टेबल सांभाळलंय. मी परतले तर म्हणाले, "पाच पत्रं कशाला? एक पहिल्या कंपनीला, बाकी चौघांना प्रत माहितीसाठी. खाली शेराही मारलाय."

म्हणजे 'फक्त तुमचाच पोछा' हे पाचही कंपन्यांनी एकाच पत्रात वाचलं होतं! मी शेरा वाचला.

'सदर अर्जदार माझी सून असून कामाला चोख आहे. घरातील पोछा मात्र यादीतील तिसऱ्या कंपनीचा आहे. त्याचा दांडा दोनदा निसटला, दोन्ही वेळा तिनेच बसवला. तिचे व्हिडिओ पाहून मी आयुष्यात प्रथमच फरशी पुसली. तरी योग्य तो विचार व्हावा.'

भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी तिसऱ्या कंपनीचं उत्तर आलं. 'दांड्याचं कळवल्याबद्दल आभार. नवा दांडा आणि सहा व्हिडिओंचं काम देत आहोत. एका व्हिडिओत सासरेबुवा फरशी पुसताना दिसावेत.'

चॅनेल वाचलं! "बाबा, तुमच्यामुळे," मी म्हटलं. बाबा उगाचच चष्मा पुसत राहिले.

मग मी कंपनीला आभाराचं पत्र लिहिलं. या वेळी अगदी खरं: 'बाकीच्या चार कंपन्यांचे पोछे तुमच्यापुढे नुसत्या चिंध्या आहेत.' पाठवायचा मान अर्थातच बाबांना दिला.

"गेलं," बाबा समाधानानं म्हणाले. "त्या चौघांनाही. माहितीसाठी."