म्हातारा शिडीवरून किती वेळा पडतो

एखादी गोष्ट पाहण्यापेक्षा ती पाहिल्याची सही करणे महत्त्वाचे, कारण पाहिलेले डोक्यात राहत नाही आणि सही फायलीत राहते. सिल्वाशाजवळच्या सामरवरणीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या एका कारखान्यात हे सत्य सहा वर्षे निष्ठेने पाळले जात होते. दरवर्षी एकशे चौऱ्याऐंशी कामगारांना सुरक्षेची डीव्हीडी दाखवायची आणि ‘संपूर्ण पाहिली, समजली’ या ओळीखाली सह्या घ्यायच्या. (झोपेबद्दल नियमात एक अक्षर नाही, उगाच खोटे कशाला बोला.)

हे काम वाल्मिक पाटलाकडे होते. गडी शिरपूरकडचा, सहा वर्षे कंत्राटी कारकून. यंदा तपासणीचा शेरा चांगला पडला तर तो कायम होणार होता. बायको दुर्गाने पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवून टाकले होते.

तपासणीच्या आदल्या रविवारी वाल्मिकने कारखान्याचा प्लेयर घरी नेला, एक विनोदी कुंग-फू सिनेमा पाहायला. (चालू अवस्थेतला डीव्हीडी प्लेयर सिल्वाशात आता बहुधा हाच.) घाईत सुरक्षेची डीव्हीडीही कव्हरसकट पिशवीतून गेली. सिनेमा संपल्यावर दुर्गाने आवराआवर केली. तिची पद्धत साधी होती. कव्हरे दोन, डिस्क दोन. प्रत्येकीला घर मिळाले की झाले.

सोमवारी तपासनीस जयवंत राणे साहेब पहिल्या रांगेत बसले, शेजारी मॅनेजर. वाल्मिकने बटण दाबले आणि पडद्यावर एक म्हातारा चिनी आचारी तेलावरून घसरून थेट रांजणात पडला.

सहा वर्षांची हमाली पाण्यात गेली, असेच वाल्मिकला वाटले. बंद करावे तर कारण सांगावे लागणार, म्हणून तो खांबासारखा उभा राहिला. पण साहेबही काही बोलेनात. बोलणार कसे? याच चित्रफितीबद्दल सतरा कारखान्यांत त्यांनी ‘स्वतः पाहून खात्री केली’ असे लिहून दिले होते. मॅनेजरने सहा वर्षे ‘माझ्या उपस्थितीत’ लिहिले होते. जुन्या कामगारांच्या तर प्रत्येकी सहा सह्या होत्या. तेव्हा सर्वांनी जुनी ओळख असल्यासारख्या माना डोलावल्या आणि दीड तास सिनेमा पाहिला.

म्हातारा एकूण चौदा वेळा पडला: शिडीवरून पाच, तेलावरून चार, उरलेल्या वेळी बायकोने पाडले. अखेरपर्यंत जागे राहिलेले कामगार: एकशे चौऱ्याऐंशी. (आधीचा उच्चांक अकरा, तोही चहावाल्याला धरून.)

शेवटी साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारले, काय शिकलात? सहा वर्षांत या प्रश्नाला कुणी उत्तर दिले नव्हते. मागच्या रांगेतून चिंधा उठला. साच्यांच्या मशीनवर केस पांढरे केलेला माणूस.

“सायेब, शिडी चढताना खाले कोनीतरी धराले पाह्यजे. अन् सांडेल तेल तेव्हाच पुसाले पाह्यजे.”

साहेबांनी शेरा लिहिला: ‘प्रशिक्षण परिणामकारक. हीच चित्रफीत इतर कारखान्यांतही दाखवावी.’ वाल्मिक कायम झाला. त्या वर्षी शिडीवरून कोणी पडले नाही. पूर्वीची सरासरी वर्षाला तीन होती.

पेढे खाताना वाल्मिकला खरी डीव्हीडी आठवली. आता कायम माणूस, जबाबदारी आली, म्हणून ती एकदा तरी पाहायचीच असे ठरवून त्याने प्लेयर पुन्हा घरी आणून ती लावली. पाचव्या मिनिटाला तो घोरू लागला. रजिस्टरमधली सही त्याने सुरुवातीलाच उरकून ठेवली होती, हे बरे झाले.

वाचकहो, आपल्याकडूनही एक औपचारिकता बाकी आहे. या कथेखाली ‘संपूर्ण वाचली, समजली’ अशी सही करावी. म्हातारा शिडीवरून किती वेळा पडला, ते वर न बघता आठवत नसेल तरी काळजी नको. त्यावाचून आजवर कोणाची सही अडलेली नाही.