दाढेतल्या स्क्रूची परिक्रमा

माणसाच्या शरीरात जे जे बसवलं जातं, ते ते एक दिवस काढावं लागतं. हे सत्य आमच्या घराला गौरीच्या लग्नाच्या वर्षी कळलं. लग्नाला आठवडा उरला असताना वधूपिता, म्हणजे आमचे यज्ञेश्वरभाऊजी, यांच्या खालच्या इम्प्लांटचा स्क्रू तुटला. दाढ हातात आली, स्क्रूचं टोक जबड्यात राहिलं.

फ्रीगंजच्या डॉक्टर केदारांनी परिस्थिती स्पष्ट केली. सदर टोक सुईसारख्या हत्याराने हळूहळू उलटं फिरवून काढायचं. न निघाल्यास हाडासकट सगळंच कोरायचं. भाऊजींना शुगर, कोरलेली जागा भरून येईलच याची खात्री नाही.

इथे भाऊजींच्या थोरल्या बहीण अहल्यावन्सं यांनी हरकत नोंदवली. घरात मंगलकार्य असताना वधूपित्याच्या तोंडात उलटी परिक्रमा होणार नाही.

"काकू, सीधा फिरवला तर आणखी आत जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "रीतीने तरी जाईल."

भाऊजींचं मत घेता आलं नाही. (तोंड उघडं होतं.)

प्रकरण फोनवरून राम घाटावरच्या गुरुजींकडे गेलं. गुरुजी अनुभवी. परिक्रमेत देव जागचा हलत नाही, भक्त फिरतो, असं त्यांनी निदर्शनास आणलं. "हत्यार स्थिर रखो, यजमान को सीधा घुमाओ."

डॉक्टरांनी कागदावर बाण काढून पाहिले. बाण बरोबर निघाले.

दवाखान्याची खुर्ची गोल फिरेना, म्हणून माझ्या सौरभची कॉम्प्युटरची खुर्ची आणली. दाढेची जागा बरोबर मध्यावर यावी यासाठी एका कुशीला उशी दिली, डोकं हलू नये म्हणून ते भैरवगढच्या छापील ओढणीने खुर्चीला बांधलं. डॉक्टर स्टुलावर चढून हत्यार धरून थिजले आणि सौरभने काकांना घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायला घेतलं. वन्सं दर फेरीला अक्षता टाकत होत्या. (काही तोंडात गेल्या.) टोक निघालं. जबडा वाचला.

आता त्या दवाखान्यात फिरती खुर्ची कायमची आहे. निकाल उत्तम. दहापैकी चौघांना चक्कर येते, तिघे ओकतात, दहाही जण समाधानी असतात. ज्यांचा स्क्रू शाबूत आहे तेही बसून जातात. फक्त दिशेवर देखरेख करणारं कोणी नाही. ती जागा रिकामी आहे. इथवर वाचताना ज्यांनी हवेत बोट फिरवून दिशा तपासली, त्यांचा प्राधान्याने विचार होईल. अहल्यावन्सं गेल्या मार्गशीर्षात, वद्य एकादशीला, वारल्या.