बादलीतलं पाणी

"काही प्रश्न?" रोना पिटकेथली बाईंनी विचारलं आणि सभागृहातल्या चाळीस शिक्षकांनी एकाच वेळी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

फेब्रुवारीतला तो दिवस मुलांना सुट्टी आणि शिक्षकांना प्रशिक्षण असा होता. वर्षाचे ठरलेले तास भरायचे, म्हणून आसपासच्या सगळ्या शाळा किलफरन या बंदराच्या गावातल्या थंड सभागृहात गोळा केल्या होत्या. विषय होता, 'शिक्षकांवरचा ताण कमी कसा करावा'. सकाळपासून त्याचा बराच ताण आला होता.

कार्यक्रम कागदावर साडेतीनपर्यंत होता. पण स्कॉटलंडात कागदावरची वेळ आणि खरी वेळ यांच्यामध्ये एक न बोललेला करार असतो. शेवटी प्रशिक्षक 'काही प्रश्न?' विचारतात. कोणी काही विचारत नाही. प्रशिक्षक हताश झाल्यासारखं दाखवतात आणि सगळे तास-दीड तास आधी घरी जातात. या करारावर माणसं दंतवैद्याची वेळ ठरवतात, मेंढ्यांना चारा घालायची वेळ ठरवतात.

फ्लॉर्से बेटावरच्या शाळेने तर त्यावर बोट ठरवली होती. बोट साडेतीनची. संध्याकाळची फेरी वादळामुळे सकाळीच रद्द झाली होती. ही चुकली तर मुक्काम इथेच. आणि भूगोलाच्या टॉर्किल मॅक्ॲस्किलला मुक्काम करून चालणार नव्हतं, कारण त्याच्या आईचा नव्वदावा वाढदिवस त्याच संध्याकाळी चारपासून गावच्या हॉलमध्ये होता आणि मुख्य भाषण त्याचं होतं. टॉर्किल स्वभावाने इतका भिडस्त की वर्गात हजेरी घेतानाही त्याचा आवाज कापायचा. पण आईसाठी तो उभा राहणार होता.

"आपण लवकर निघतो असं सरळ सांगितलं असतं तर?" त्याने सकाळी बोटीवर विचारलं होतं.

"अजिबात नाही," हेडमास्तर ह्यू गिलँडर्स म्हणाले होते. "गेल्या वर्षी आपण मधूनच उठलो म्हणून कौन्सिलकडे तक्रार गेली. मी शब्द दिलाय, या वेळी बेटाची माणसं शेवटपर्यंत बसतील. गप्प बसा, शेवट आपोआप लवकर येईल."

तो आता आलाही होता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. मागच्या रांगेत कोटाच्या बाह्यांत हात शिरू लागले होते.

"काहीच नाही?" पिटकेथली बाईंनी पुन्हा विचारलं. बाई नव्या होत्या, त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. पडद्यावर त्यांनी स्वतः काढलेलं चित्र होतं: एक बादली, तिच्यात वरून पडणारा पाऊस म्हणजे कामाचा ताण, आणि तो वाहून जावा म्हणून तळाशी बसवलेला एक नळ. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. टॉर्किलला ते बघवेना. वर्गात आपण नद्यांची खोरी शिकवून झाल्यावर समोर जी शांतता पसरते, ती त्याने तीस वर्षं सोसली होती. त्याचा हात वर गेला. तो त्याने वर नेला, असं म्हणता येणार नाही.

"हात खाली," शेजारून गणिताच्या ऊना ड्रेव्हरने दात न उघडता सांगितलं. "टॉर्किल, हात खाली घे."

"त्या नळातून," टॉर्किल म्हणाला, "पाणी जे खाली जातं... ते पुढे कुठं जातं?"

सभागृहात चाळीस कोट थांबले.

पिटकेथली बाईंनी चित्राकडे पाहिलं. मग टॉर्किलकडे पाहिलं. "हे मला आजवर कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात ओल होती. "खरंच, कुठं जातं? चला, आपण सगळे मिळून शोधू. पाच-पाच जणांचे गट करा! मोठे कागद इथे आहेत."

"मी तुला समुद्रात ढकलणार आहे," ऊना म्हणाली. "फक्त त्यासाठी आधी बोट मिळायला हवी."

गट पडले. कागद आले, रंगीत पेनं आली. एका गटाने काढलं की पाणी घरी नवऱ्याच्या बादलीत जातं. दुसऱ्या गटाचं पाणी शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेच्या बादलीत जात होतं, आणि ती शिक्षिका त्याच गटात असल्यामुळे तिथे थोडी वादावादी झाली. प्रत्येक गटाने उभं राहून आपलं चित्र समजावून सांगितलं. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

हा प्रकार थांबवायचा, असं ठरवून ऊना उठली. "बाई, एका वाक्यात सांगते. पाणी समुद्रात जातं. विषय संपला."

"समुद्रात!" बाईंनी हात जोडले. "ऊना, किती मोठी गोष्ट बोललात. आता मला सांगा, आपल्या शाळेत हा समुद्र म्हणजे कोण?"

ऊना खाली बसली. त्या प्रश्नासाठी पुन्हा गट पडले.

टॉर्किलच्या कपाळावर घाम आला होता. "ह्यू, काहीतरी करा. आई वाट बघत असेल."

"आभार मानतो," हेडमास्तर कुजबुजले. "आभार मानले की कुठलीही सभा मोडते." ते उभे राहिले, खाकरले. वीस वर्षं आभार मानून त्यांची वाक्यं गुळगुळीत झाली होती, त्यामुळे ती आपोआप घरंगळत बाहेर आली. पिटकेथली बाईंचे आभार, कौन्सिलचे आभार, चहा करणाऱ्यांचे आभार. "खेद एवढाच," ते शेवटी सवयीने म्हणाले, "की एवढ्या मोलाच्या विषयाला आज वेळ अपुरा पडला."

"नाही हो, अपुरा कसा?" बाईंनी घड्याळ दाखवलं. "अजून पाऊण तास आहे की!"

हेडमास्तर उभेच राहिले. बसावं की नाही, हे बराच वेळ त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा सभागृहात भिंतीला चिकटवलेल्या चित्रांसमोरून सगळे रांगेने फिरत होते. कार्यक्रम बरोबर साडेतीनला संपला. बेटाची मंडळी धावत धक्क्यावर पोहोचली. बोटीचं दार बंद होऊन ती वळलेली होती, आणि तिच्यावर एक कुत्रं उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं.

वारा वाढला होता. पाच वाजले तेव्हा ते धक्क्यावरच्या चिप्सच्या दुकानात, आडोशाला, हातात तळलेल्या बटाट्याच्या कापांच्या गरम पुड्या घेऊन बसले होते. तेवढ्यात पिटकेथली बाई दार ढकलून आत आल्या. बॅग ओढत, केस विस्कटलेले.

"तुमची बोट होती?" त्या दचकून म्हणाल्या.

"साडेतीनची," ऊना म्हणाली. "तुम्ही अजून इथे कशा?"

"माझी ग्लासगोची गाडी तीनची होती. आता उद्या सकाळी." त्या बाकावर टेकल्या. "खरं सांगू? माझ्याकडचं सगळं दोन वाजताच संपलं होतं. पण तुम्ही लोकांनी एवढ्या ओढीने विचारलं, मग कसं थांबवायचं? पुढचं सगळं मी तिथल्या तिथे बनवत होते."

"अहो, मग सांगायचं ना!" हेडमास्तर म्हणाले.

"तुम्ही का नाही सांगितलं?"

यावर प्रत्येकाने एकेक चिप्स उचलली.

"आईला फोन कर," ऊना टॉर्किलला म्हणाली. "किती वेळ नुसता फोनकडे बघत बसणार आहेस?"

त्याने फोन लावला. पलीकडे खुर्च्यांचा आणि वाऱ्याचा आवाज होता.

"आई, बोट चुकली गं. मला माफ कर. माझ्यामुळेच—"

"हळू बोल," इश्बेल म्हातारी कुजबुजली. "सगळे इथे बसलेत. चहा दोनदा झाला, सँडविचं संपली. वारा वाढलाय, उत्तर टोकाच्या लोकांना अंधाराच्या आत घरी जायचंय. पाद्रीबाबा तीनदा घड्याळ बघून झाले. पण तुझं भाषण राहिलंय ना, म्हणून कोणी उठत नाही."

"पण मी तर उद्या येणार!"

"ते मला कळतंय रे. त्यांना कोण सांगणार? सगळे माझ्यासाठी आलेत, मी कशी म्हणू जा म्हणून? आणि हे नवे बूट दुपारपासून चावतायत. खरं तर मला ही पार्टीच नको होती. पण तू एवढं मनावर घेतलं होतंस."

"मला तर वाटलं, तुलाच हवी आहे," तो म्हणाला.

"ते जाऊ दे. आता काय करू, ते सांग."

त्याने समोर पाहिलं. हेडमास्तर, ऊना आणि पिटकेथली बाई, तिघंही चिप्स हातात धरून ऐकत होते.

"आई, फोन माइकपाशी धर," तो म्हणाला.

थोडी खरखर झाली. मग बेटावरचा सगळा हॉल गप्प झाला. टॉर्किलचा आवाज नेहमीसारखा कापला, पण शब्द अडले नाहीत.

"मंडळी, मी टॉर्किल. माझी बोट चुकली. आईचे बूट तिला चावतायत. सगळे घरी जा."

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या त्याने आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. त्या टाळ्यांतूनच खुर्च्या सरकल्याचे, कोट चढवल्याचे, दार उघडल्याचे आवाज आले. कोणीतरी ओरडलं, "शाब्बास रे पोरा!" फोन बंद झाला.

टॉर्किलने तो हळूच टेबलावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. ऊनाने आपली पुडी संपवून चुरगाळली.

"हेच," ती म्हणाली, "दोन वाजता बोलला असतास तर?"