एक किलो म्हणजे एक लिटर

‘एक किलो मध म्हणजे एक लिटर मध समजावा,’ असे परिपत्रक नव्या जिल्ह्याच्या दुष्काळी बालआहार कक्षाने काढले. सर्व बावीस कर्मचाऱ्यांनी त्याखाली ‘वाचले’ असे लिहून सह्या केल्या. ते टाइप केले होते हंगामी टंकलेखिका पंचशीलाने. तिची आई सरजाबाई निलंगा रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांच्या पोरांसाठी सरकारी लापशी शिजवायची.

साखर मिळत नव्हती, म्हणून लापशीत मध आला. पाचशे पोरं, प्रत्येकी वीस मिलिलिटर, एकूण दहा लिटर. म्हणून भांडारातून दहा किलो सुटला. सरजाबाईंनी वीस मिलिलिटरची सरकारी पळी काठोकाठ भरून वाढली. तीनशे सत्तावन्नाव्या पोरापाशी डबा खरवडून झाला. उरलेल्या एकशे त्रेचाळीस पोरांनी बिनमधाची लापशी खाल्ली आणि सरजाबाईंकडे चोराकडे बघावे तसे बघितले.

संध्याकाळी दोघी मायलेकी जेवायला बसल्या.

“पंचे, मध लई जड अस्तंय. पाण्यावानी न्हाई. किलोभर मधानं लिटरचं माप भरत न्हाई. तुझ्या सायबाला सांग की.”

“माय, तू चूल बघ. कागद मी बघते.”

“बघ बाई. उद्या तुझा कागदच कालवते लापशीत. गोड लागला तं बरंच हाय.”

आपल्याच विनोदावर सरजाबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, ताटं घासून झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत.

जलदान विधी उरकून पंचशीला कामावर आली, तेव्हा एक नोटीस टाइप व्हायला तिचीच वाट बघत होती. कक्षात टंकलेखिका एकच. ‘दोन लिटर आठशे साठ मिलिलिटर मधाच्या तुटीबाबत सरजाबाई यांनी समक्ष हजर राहून खुलासा करावा.’ तिनेच ती टाइप केली आणि वारस म्हणून सही करून तिनेच ती स्वीकारली. आई वारल्याचे तिने लेखी कळवले. त्यावर शेरा पडला: ‘कारण सहानुभूतीने तपासले. मात्र ते मधाशी संबंधित नाही.’

कक्षाधिकारी अमृतरावांनी निःपक्षपाती प्रयोग योजला. जिल्हा फुटला तेव्हा लिटरचे प्रमाणित माप जुन्या जिल्ह्यातच राहिले होते. ते वाटणीत मिळवायला महिना गेला. माप आले तर कचेरीत पाणी नव्हते. शेवटी वाटेवरचा टँकर अडवला. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोर एक लिटर पाणी तोलले गेले. बरोबर एक किलो भरले.

“द्रव तो द्रव,” अमृतराव म्हणाले.

भांडारपाल सिद्रामप्पा खाकरले. “साहेब, एकदा मधच तोलून बघावा का?”

“अप्पा, मध हा चौकशीचा विषय आहे. चौकशी चालू असताना त्याला हात लावता येत नाही.”

निष्कर्षावर सह्या करायला बावीस जण जमले. अमृतराव पंचशीलाकडे वळले. आवाज मऊ झाला.

“ताई, आईंनी मध घरी नेला असावा, एवढंच टाइप करा. ‘असावा’ म्हणजे नेलाच असं नाही. ही फाइल मिटली की तिच्याखालचा कागद मोकळा होतो. तुम्हाला कायम करण्याचा.”

पंचशीलाने कागद यंत्रात सरकवला. तारीख टाइप केली. मग उभी राहिली.

“माझ्या मायनं चोरी केली न्हाई. किलोभर मधाचा लिटर होत नाही, हे मला टाइप करतानाच खटकलं होतं. तिनं जेवताना सांगितलं तेव्हा तर कळलंच. कायम व्हायचं होतं म्हणून मी तिलाच गप्प केलं. आता ज्यांनी ज्यांनी ती पहिली ओळ वाचली, त्यांनी खरं सांगावं. वाचताना तुमच्यापैकी किती जण अडखळले?”